हनुवटीखालची घडी



या भाषणासाठी समितीनं विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, चेहऱ्यावरची आणि मानेवरची चरबी काढण्याची शस्त्रक्रिया. एक सभासद म्हणाले, "हा मुंबईच्या नटनट्यांचा विषय, जालन्यात कशाला?" कशाला ते सांगतो. लग्नसराई जवळ आली की आठवड्याला एक तरी आई मुलीला घेऊन माझ्याकडे येते. भोकरदनहून, परतूरहून, मंठ्याहून. मुलगी मान खाली घालून बसते, आणि तशी मान घातली की हनुवटीखाली जी घडी पडते तिच्यावरच आईचं बोट असतं. "डॉक्टरसाहेब, बाकी समदं चांगलंय, तेवढं काढून टाका."

मला हसू येत नाही. पाहुणे घरी यायच्या आधी मुलीचा फोटो मोबाईलवर चार गावांत फिरलेला असतो, नकारही मोबाईलवरच येतो. त्या घडीचं ओझं त्या मुलीला खरंच असतं.

तरीही चरबी काढण्याच्या किंवा चेहऱ्याची त्वचा ओढून घेण्याच्या शस्त्रक्रियेला श्रीमंतांचे चोचले म्हणणाऱ्यांना मी डॉ. नोशीर अंतियांचं नाव सांगतो. सर हॅरॉल्ड गिलीज हे इंग्लंडमधले प्लास्टिक सर्जरीचे मोठे गुरू. अंतिया त्यांच्याकडे शिकले आणि परत येऊन पुण्यात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांचे चेहरे घडवू लागले. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात चेहऱ्याची त्वचा जंतूंनी जाड होते, फुगते. औषधानं जंतू मरतात, फुगवटा ओसरतो, पण तोवर त्वचेतले लवचीक धागे नष्ट झालेले असतात. मग ती लोंबते. तिशीचा माणूस साठीचा दिसतो. भुवया गेलेल्या, नाक बसलेलं, कानाच्या पाळ्या लोंबलेल्या. आजार बरा झालेला असतो, पण चेहरा तो गावभर सांगत फिरतो, आणि गाव दार लावून घेतं. अंतियांनी या माणसांची जादा त्वचा काढली, गालाच्या घड्या सरळ केल्या, नाकं उभी केली. माणूस पुन्हा एसटीत शेजारी बसू शकेल, यासाठी. सुरी तीच, टाके तेच. म्हणून शस्त्रक्रियेला नावं ठेवणं मला पटत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे: जे काढायचं ते चरबीच आहे का, हे आधी ठरवा.

कारण हनुवटीखाली चरबीच असते असं नाही. गळ्याच्या पुढं खाली, घोट गिळताना वरखाली होणारा फुगवटा असेल तर तो बहुधा थायरॉईडचा. जबड्याच्या दोन्ही बाजूंना लाळेच्या ग्रंथी असतात, त्या खाली सरकल्या की चरबीसारख्याच दिसतात. कुणाची हनुवटी जन्मतः मागे असते. मान बारीक असूनही तिथं घडी दिसते. त्या माणसाची सगळी चरबी काढली तरी फरक पडत नाही. आणि चौथं कारण, ज्यासाठी मी खरं तर आज इथं उभा आहे: स्टेरॉईड.

गुडघेदुखीला, दम्याला, "अंगावर मांस चढायला" म्हणून खेड्यापाड्यांत बिननावाच्या पुड्या आणि गोळ्या दिल्या जातात. पहिल्या आठवड्यात चमत्कार वाटतो, कारण त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. काही महिन्यांत चेहरा चंद्रासारखा गोल होतो, मान भरते, मानेमागे गोळा येतो, हातपाय मात्र काडीसारखे राहतात. घनसावंगी तालुक्यातली एक बाई माझ्याकडे गालांची चरबी काढायला आली होती. पिशवीतून तीन प्रकारच्या पुड्या निघाल्या. तिला सुरीची गरज नव्हती. पण त्या गोळ्या एकदम बंद करायलाही मी सांगितलं नाही, कारण दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉईड अचानक थांबवलं तर जीव जाऊ शकतो. ते फिजिशियनच्या देखरेखीखाली पायरीपायरीनं उतरवावं लागतं. काही महिन्यांत तिचा चेहरा तिला परत मिळाला.

आता खरोखर चरबीच असेल तर. मानेत त्वचेखाली प्लॅटिस्मा नावाचा पातळ स्नायू पदरासारखा पसरलेला असतो. चरबीचा एक थर त्याच्या वर, एक खाली. लायपोसक्शननं वरचा थर निघतो: हनुवटीखाली आणि कानाच्या पाळीमागे काही मिलिमीटरची छिद्रं, मिठाच्या पाण्यात भूल देणारं आणि रक्तवाहिन्या आवळणारं औषध मिसळून आत सोडायचं, मग बारीक नळीनं चरबी ओढायची. पॅरिसच्या डॉ. इलूझ यांनी 1977 च्या सुमारास ही नळी रुजवली, आणि अमेरिकेतल्या डॉ. क्लाइन यांनी 1987 मध्ये औषधमिश्रित पाण्याची पद्धत प्रसिद्ध केल्यावर रक्तस्राव पुष्कळ कमी झाला. पुढे काही आठवडे सूज, पट्टा, आणि खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने. लग्न पंधरा दिवसांवर असेल तर येऊच नका.

पंचविशीत त्वचा आकसून नव्या आकाराला चिकटते. पन्नाशीत ती आकसत नाही, रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. तिथं त्वचा आणि स्नायूही घट्ट करावे लागतात. धोकाही आहे: जबड्याच्या कडेनं जाणारी चेहऱ्याच्या मज्जातंतूची एक नाजूक शाखा दुखावली तर हसताना ओठ एका बाजूला ओढला जातो. बहुधा भरून येतं, पण मुलीला ते आधी सांगायलाच हवं. गालातली चरबीची गादी काढण्याचीही फॅशन आली आहे. विशीतल्या मुलींना माझा स्पष्ट नकार असतो. वयाबरोबर गाल आपोआप बसतात, आणि ती गादी परत मिळत नाही.

मे 2022 मध्ये बंगळुरूत 21 वर्षांच्या एका दूरचित्रवाणी अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. म्हणून ही शस्त्रक्रिया किरकोळ समजू नका, पार्लरच्या वरच्या मजल्यावर ती करून घेऊ नका. चरबी विरघळवणारी इंजेक्शनंही तिथं घेऊ नका. सर्जनची पदवी विचारा: प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी. भूल कोण देणार, अतिदक्षता विभाग कुठं आहे, हेही विचारा. विचारताना संकोच वाटू देऊ नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आणि आयांनो, माझ्याकडे येताना दोन गोष्टी आणा. मुलीचा पाच वर्षांपूर्वीचा फोटो, आणि घरातली सगळी औषधं, पुड्यांसकट. मग थोडा वेळ बाहेर बसा. घडी काढायची की नाही, ते मी तिलाच विचारणार आहे.