यागुआंचे गाव आणि जमिनीचा कागद



दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या ईशान्येस लोरेतो प्रांत आहे. त्याचे मुख्य शहर इकितोस. देशाच्या इतर भागांतून तेथे जावयाचे तर होडी वा विमान, रस्ता नाही. या शहरापलीकडे अमेझॉनच्या व तिच्या उपनद्यांच्या काठी यागुआ नावाच्या आदिवासींची लहान लहान गावे आहेत.

घरे लाकडी खांबांवर उचललेली, छप्पर ताडवर्गीय झाडांच्या पानांचे, भिंती पुष्कळदा नाहीतच. नदी दरवर्षी कित्येक मीटर चढते. तेव्हा घरातून निघालेला पाय थेट होडीत पडतो. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कसावा, केळी आणि मासे हा त्यांचा आहार. पूर्वी लांब फुंकनळीतून विषारी काड्या फुंकून शिकार होई; आता बंदुकाही आल्या.

इकितोसहून प्रवासी येतात, तेव्हा काही गावांतील माणसे तंतूंचे घागरे नेसून, शेंदरीच्या बियांनी तोंडे रंगवून नाचून दाखवितात. होडी परतली की सदरा चढवून कामाला लागतात. यास कोणी ढोंग म्हणतात. मला तसे वाटत नाही. ती त्यांची रोजी आहे. मी वकील असल्याने मला प्रश्न पडतो तो निराळाच. ज्या अंगणात नाच होतो ते अंगण कोणाचे?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगात रबराला भाव चढला. व्यापारी कापड व कुऱ्हाडी उचल म्हणून देत आणि रबर आणून ती फेडावयास लावीत. वही धन्याची, आकडा धन्याचा, कर्ज फिटेना. उचल आणि वेठ हे शब्द आपणांस समजावून सांगावयास नकोत. मारझोड आणि साथींचे रोग यांनी गावेच्या गावे उजाड झाली.

१९७४ च्या कायद्याने अशा गावांना प्रथमच कायद्यापुढे अस्तित्व आणि जमिनीवर हक्क दिला. परंतु १९७८ च्या कायद्याने त्यात भेद केला. शेतीयोग्य जमीन गावाच्या मालकीची. अरण्याची जमीन मात्र केवळ वापरावयाची, मालकी सरकारची. म्हणजे कसावा लावला ते त्यांचे. छपराची पाने, होडीचे लाकूड आणि शिकार जेथून येते ते त्यांचे नव्हे. भूगर्भातील तेल तर सरकारचेच.

१९९३ च्या राज्यघटनेने गावाची जमीन मुदतीच्या आधारे कोणास बळकावता येणार नाही असे म्हटले, पण ‘सोडून दिलेली’ जमीन त्यातून वगळली. आता पाहा, या रानातला शेतकरी थोडी वर्षे पीक काढतो आणि पुन्हा झाडी वाढावी म्हणून शेत सोडतो. ती जमिनीची विश्रांती की मालकीचा त्याग? मसुदा लिहिणाऱ्याने शेत कधी पाहिले होते की नाही, अशी शंका येते.

आदिवासींविषयीचा १९५७ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९५८ मध्ये स्वीकारला, पेरूने १९६० मध्ये. १९८९ चा सुधारित करार पेरूने १९९४ मध्ये मान्य केला. भारताने अद्याप केलेला नाही. त्याच्याच आधारे पेरूत २०११ साली असा कायदा झाला की आदिवासींच्या हक्कांना बाधा येईल असा निर्णय त्यांना आधी विचारल्यावाचून घेऊ नये. तथापि, विचारले म्हणजे संमती मिळालीच पाहिजे असे नाही. शेवटचा शब्द बहुधा सरकारचाच.

मान्यता मिळालेल्या गावात सभेच्या ठरावांची वही असते. ती धन्याची नसून गावाची असते. मात्र त्या वहीची भाषा बहुधा स्पॅनिश, आणि ज्या भाषाकुळातील आज हयात असलेली यागुआ ही एकच भाषा, ती सभेत बोलावयाची.