दुसऱ्या गिअरवर घाट

आपल्या रेडिओवर आजवर आम्ही लोणच्याचं बोललो, बचतीचं बोललो, हिशेबाच्या वहीचंही बोललो. आज गाडीचं बोलणार आहोत, आणि तेही नफ्यातोट्याचं नाही. गाडी चालवताना जी मजा येते ना, त्या मजेचं. बाई स्टेअरिंगवर दिसली की लोक विचारतात, "गरज पडली वाटतं?" गरज होतीच. पण गरजेच्या पुढंही काहीतरी आहे. ते कुणी विचारत नाही, म्हणून आपणच सांगावं म्हटलं.

आमचा गट पाटण तालुक्यातला. तांदूळ, नाचणी, घेवडा आणि मध घेऊन आमची पिकअप चिपळूणला जाते आणि येताना सुकी मासळी, आमसुलं घेऊन येते. हा धंदा काही आम्ही शोधला नाही. सह्याद्रीच्या घाटांतून बैलांच्या पाठीवर मीठ वर यायचं आणि धान्य खाली जायचं, त्याचीच ही चाकं लावलेली आवृत्ती. आमच्या वाट्याला कुंभार्ली घाट आला. हेळवाक मागं पडलं की घाटमाथा येतो आणि तिथून रस्ता कोकणात उतरायला लागतो, तो थेट पोफळीपर्यंत. गंमत अशी की कोयनेच्या धरणाचं पाणीही असंच डोंगर उतरतं. फक्त ते बोगद्यातून जातं आणि पोफळीला वीज करून पुढं वाशिष्ठीला मिळतं. आम्ही वरून वळणं घेत जातो, ते डोंगराच्या पोटातून.

आता गिअरचं सांगतो. ज्यांनी गाडी चालवली नाही त्यांनाही कळेल, कारण डोक्यावर हंडा घेऊन चढ सगळ्याच चढलो आहोत. भरला हंडा घेऊन चढताना आपण ढांगा टाकतो का? पावलं लहान होतात, पण प्रत्येक पावलात जोर असतो. पहिला गिअर म्हणजे ते लहान पाऊल. वेग कमी, ताकद जास्त. सपाटीला आलं की पाऊल लांबतं, तसा तिसरा, चौथा. आणि उतरताना? हंडा घेऊन कुणी धावत उतरत नाही. पोटऱ्यांत भार धरत, जपून उतरतो. गाडीच्या पोटऱ्या म्हणजे तिचं इंजिन. खालच्या गिअरमध्ये रेसवरचा पाय काढला की इंजिनच चाकांना मागं धरून ठेवतं.

आम्हाला शिकवलं ते गावातल्याच, एसटीतून निवृत्त झालेल्या चालककाकांनी. त्यांचा नियम साधा होता. जो उतार चढायला जो गिअर लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, आणि गिअर उताराच्या तोंडाशीच टाकायचा, मध्यावर गेल्यावर नाही. ब्रेकवर पाय ठेवून अख्खा घाट उतरणाऱ्या गाड्या आपण बघतो. जळक्या लायनरचा वास येतो ना, तो त्यांचाच. ब्रेक तापले की पाय दाबला तरी गाडी हवी तशी थांबत नाही. म्हणून दाबायचा, वेग कमी झाला की सोडायचा, बाकीचं काम इंजिनावर सोपवायचं.

आणि न्यूट्रलचं तेवढं डोक्यातून काढा. उतारावर न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं असं अजूनही घरोघरी सांगतात. हल्लीच्या इंजिनांत उलटं आहे. गाडी गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि डिझेल बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल पीतच राहतं. वर गाडी धरायला काही उरत नाही ते वेगळंच. किल्ली फिरवून इंजिनच बंद करून उतरणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! त्यात ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि स्टेअरिंगही अडकू शकतं.

हे झालं शास्त्र. मजा कुठं आहे? मजा आहे वळणाच्या आधीच्या दोन क्षणांत. समोर रस्ता घडी घालून वळलेला दिसतो. ब्रेकनं वेग उतरवायचा, क्लच दाबायचा, तिसऱ्यातून दुसरा टाकायचा, रेस अगदी चिमूटभर द्यायची आणि क्लच हळूच सोडायचा. जमलं तर गाडीला कळतही नाही. नाही जमलं तर गचका बसतो आणि मागं हौद्यात मधाच्या बाटल्या खणखणतात. त्या बाटल्या आमच्या परीक्षक. सगळा घाट उतरून बाटलीला बाटली लागली नाही, तर त्या दिवशी चिपळूणच्या बाजारात भाव थोडा कमी मिळाला तरी आमचा चेहरा पडत नाही.

काका म्हणायचे, काट्याकडे बघू नका, कानानं चालवा. सुरुवातीला वाटायचं, हे पुरुषांचं उगाच मोठेपणाचं बोलणं. पण कान खरंच तयार होतो. इंजिन कुंथायला लागलं की खालचा गिअर मागतंय, किंचाळायला लागलं की वरचा. जात्याचा आवाज ऐकून आत दाणे संपलेत का ते कळायचं, तसंच आहे हे. डावा पाय, डावा हात, कान, डोळे असे सगळे एका कामाला लागतात. तेवढा वेळ घरचं काही आठवत नाही. उसनवारी नाही, सासूबाईंची औषधं नाहीत. आपल्यापैकी किती जणींना दिवसात असा अर्धा तास मिळतो?

बिनगिअरच्या गाड्या आल्यात, आम्हाला ठाऊक आहे. शहरातल्या गर्दीत त्या सुखाच्या आहेत आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुशाल त्याच घ्याव्यात. घाटात मात्र पुढचं वळण आपल्याला आधी दिसतं, गाडीला नाही. म्हणून गिअर आपल्या हातात असलेला बरा, असं आमचं मत.

काही बारीक गोष्टी कुणी सांगत नाही, त्या ऐकून ठेवा. आपण बुटक्या असलो तर पाठीमागं उशी घ्यायची, म्हणजे क्लच तळापर्यंत दाबला जातो. अर्धवट दाबला तर गिअर करकरतो. घसरणाऱ्या चपला नकोत, पट्ट्याच्या हव्यात. साडीच्या निऱ्या पेडलखाली जातात, म्हणून आम्ही ड्रेस घालतो. यावरून गावात महिनाभर बोलणं झालं, मग थांबलं. चढावर गाडी थांबली तर हँडब्रेक ओढूनच पुन्हा सुटायचं. अर्धा क्लच धरून गाडी तोलून ठेवली की क्लच प्लेट जळते, आणि तो खर्च मोठा असतो. अरुंद जागी समोरासमोर आलो तर उतरणाऱ्यानं थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. हा नियमच आहे. मोठे ट्रकवाले तो बहुतेक वेळा पाळतात, हात करून आभारही मानतात. पोरं मोटारसायकलवर असली की मात्र आपणच हॉर्न देऊन कडेला व्हावं.

पावसाळ्यात धुकं इतकं उतरतं की पुढची मोरी दिसत नाही. अशा वेळी आम्ही घाटमाथ्यावर चहा घेत थांबतो. मजा म्हणजे शर्यत नव्हे.

आता खरी गोष्ट. अनेक गटांच्या, अनेक घरांच्या गाड्या आज बाईच्या नावावर आहेत. आरसी बुकावर तिचं नाव, कर्जाच्या हप्त्यावर तिची सही, आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या खुंटीवर. लायसन्सची भीती वाटत असेल तर ऐका. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. मालगाडीसाठी वय मात्र वीस पूर्ण हवं. साडेसात हजार किलोपर्यंतची छोटी मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. आपल्या पिकअप त्यात बसतात. आणि एसटीच्या बसवर 2023 पासून बायका आहेतच.

आमच्याच गटात गेल्या बैठकीला विषय निघाला, की घाटाच्या फेरीला पगारी ड्रायव्हर ठेवावा. पैशांची अडचण नाही, गाडीचं कर्ज फिटलंय. कारण एवढंच, की "घाट काही बायकांचा नाही." हे आपल्याच बायका बोलल्या, पुरुष नाही. काळजीनं बोलल्या, ते आम्हाला कळतं. आम्ही म्हटलं, ड्रायव्हर ठेवायचाच तर कराडच्या सपाट रस्त्याला ठेवा, आम्हाला घाट द्या. सगळ्या हसल्या, पण ठराव अजून व्हायचा आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत तो येईल.

तोवर दर गुरुवारी गाडी चिपळूणला जातेच आहे. केबिनमध्ये एक जागा रिकामी असते. बैठकीत हात वर करण्याआधी एकेकीनं एकदा त्या जागेवर बसून घाट उतरून यावं, असं आम्ही गटात सांगितलंय. येत्या गुरुवारी पहिल्या आमच्या अध्यक्षबाई येणार आहेत. सकाळी सहाला निघायचंय, बाटल्या आदल्या रात्रीच भरून ठेवू.