अळिंबीची पिशवी, पाणी बेतानं


मुरगूड परिसरात भाताचं पिंजर कुणाला नवं नाही.
त्याच पिंजरावर धिंगरी अळिंबी येते.
पुण्याच्या कृषी महाविद्यालयात तिचं प्रशिक्षणही मिळतं.

अळिंबीचं बी भरलेली तयार पिशवी घरी आणली,
की आधी रंग बघा.
आतलं पिंजर पांढरंशुभ्र झालं असेल,
तरच प्लास्टिक काढा.
मग पिशवी सावलीत टांगा.
उजेड हवा, ऊन नको. वारा खेळता हवा.

आता मुख्य गोष्ट.
पाणी ओतायचं नाही, फवारायचं.
वेदगंगा नदीकाठी पावसाळ्यात हवाच ओली असते;
तेव्हा फवारा कमी.
उन्हाळ्यात मात्र भोवती ओलं गोणपाट लावा,
आणि दिवसातून दोन-तीनदा फवारा मारा.
पिंजर ओलसर राहावं.
पाणी ठिबकायला लागलं, की कुजलंच म्हणा!

टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसतील.
तीन-चार दिवसांत ते काढणीला येतात.
कडा वर वळायच्या आत,
बुडाशी धरून, हलकेच पिळून काढा.
साधारण आठवड्यानं दुसरा बहर येतो.

हिरवी बुरशी दिसली, तर ती पिशवी घरात ठेवू नका.
पुन्हा सांगते,
पाणी फवारायचं, ओतायचं नाही.
आणि हो,
रानात उगवलेली अनोळखी छत्री या अळिंबीच्या भाजीत मुळीच मिसळू नका.