खालाजानची सुई



मी बायोकेमिस्ट्री शिकवते. आज मधुमेहावर बोलायचं आहे, पण सुरुवात घरापासून करते. माझ्या खालाजानला १४ वर्षं शुगर होती. शेवटची चार वर्षं डॉक्टर इन्सुलिन घ्या म्हणत राहिले आणि ती नको म्हणत राहिली. सुई लागली म्हणजे खेळ संपला, एकदा लागली की सुटत नाही, आणि मोहल्ल्यात कुणीतरी सांगितलेलं की त्यात डुकराचा अंश असतो. आधी तिची नजर गेली, मग किडन्या. त्या काळात मी वर्गात फळ्यावर याच पेशींच्या आकृत्या काढत होते, पण घरी तिला पटेल असं काही मला सांगता आलं नाही. ते आज तुम्हाला सांगते.

भाकरी खाल्ली की रक्तात ग्लुकोज चढतं. स्नायूच्या पेशीत ते पुरेसं शिरायला इन्सुलिन लागतं. इन्सुलिन पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला चिकटतं, रिसेप्टर आतल्या आयआरएस नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट बसवतो, तो निरोप पीआय-३ कायनेजकडे आणि तिथून एकेटीकडे जातो. शेवटी पेशीच्या आत पडून असलेले ग्लट-४ हे वाहक पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत घेतात.

इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये हा निरोप मध्येच अडतो. चरबी साठवायची योग्य जागा त्वचेखाली असते. ती पुरेनाशी झाली की चरबी स्नायूत आणि यकृतात उतरते. तिथे साठलेलं डायअसिलग्लिसरॉल प्रोटीन कायनेज सीला चेतवतं आणि त्याच्या प्रभावाने आयआरएसवर भलत्याच जागी फॉस्फेट बसतो, असं एक महत्त्वाचं स्पष्टीकरण आहे. पोटाच्या चरबीतून येणारी दाहाची रसायनंही त्यात भर घालतात. मग यकृतालाही इन्सुलिनचं ऐकू येत नाही आणि ते रात्रभर ग्लुकोज बनवत राहतं. ‘मी तर साखर खातच नाही, मग उपाशीपोटी शुगर कशी वाढली?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

आता तुमच्यातले सडपातळ लोक निवांत बसलेत, ते मला दिसतंय! पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा दोघांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे वजनकाटा असा फसवतो. कमरेचा घेर मोजा.

पण नुसत्या रेझिस्टन्सने मधुमेह होत नाही. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी जास्त इन्सुलिन बनवून वर्षानुवर्षं तूट भरून काढतात आणि तोवर रिपोर्ट नॉर्मल येतो. घरात कमावणारा एकच आणि कर्ज वाढत चाललेलं, पण हप्ता अजून चुकलेला नाही, तशी ही अवस्था असते.

बीटा पेशीचं काम बघा. ग्लुकोज आत आलं की एटीपी वाढतं, त्याने पोटॅशियमची दारं बंद होतात, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रिकाम्या होतात. हे अहोरात्र दुप्पट वेगाने करावं लागलं तर प्रथिनांच्या घड्या नीट पडत नाहीत, अर्धवट माल साचतो. भोवती अमायलॉइडचा थर बसतो. वाढलेली साखर आणि चरबी स्वतःच पेशींना विषासारखी होते. काही पेशी मरतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, मृतांच्या स्वादुपिंडाच्या अभ्यासात मधुमेह असलेल्या स्थूल व्यक्तींमध्ये, तेवढ्याच वजनाच्या निरोगी लोकांपेक्षा बीटा पेशींचं प्रमाण ६३ टक्क्यांनी कमी होतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांमध्येही ते ४० टक्क्यांनी घटलेलं होतं.

काही पेशी मात्र मरत नाहीत, थकून आपलं काम विसरतात. उंदरांमध्ये हे २०१२ साली स्पष्ट दिसलं. खालाजानला मला हेच सांगायचं होतं, की बाहेरून इन्सुलिन दिलं तर या पेशींना विसावा मिळतो. चीनमध्ये नव्याने निदान झालेल्या टाइप २ च्या रुग्णांना सुरुवातीलाच काही आठवडे इन्सुलिन देऊन नंतर सगळी औषधं थांबवली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतरही औषधाविना शुगर ताब्यात राहिलेले पंपाच्या गटात ५१ टक्के, इंजेक्शनच्या गटात ४५ टक्के होते आणि नुसत्या गोळ्यांच्या गटात २७ टक्के. म्हणजे लागलेली सुई सुटूही शकते. सगळ्यांची नाही. १४ वर्षांनंतर तर क्वचितच, आणि टाइप १ मध्ये ती थांबवणं म्हणजे जिवाशी खेळ.

डुकराचं म्हणाल तर एकेकाळी इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत, हे खरंच आहे. १९८२ पासून माणसाचा जनुक जिवाणूत घालून बनवलेलं इन्सुलिन बाजारात आलं, पुढे यीस्टमधूनही बनू लागलं. कुपीवर ‘ह्यूमन’ किंवा ग्लार्जिन असं नाव असेल तर ते याच पद्धतीचं. नाव वाचा, घरच्यांना दाखवा.

आणि रमजान. मघाची पोटॅशियमची दारं आठवा. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या रक्तात ग्लुकोज कमी असतानाही ती दारं बंद करतात. सहरीला अशी गोळी घेतली आणि दिवसभर पोटात काही नाही, तर इन्सुलिन सुटत राहतं आणि शुगर कोसळते. १३ देशांतल्या एपिडायर या पाहणीत टाइप २ च्या रुग्णांमध्ये शुगर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग रमजानमध्ये साडेसात पटींनी वाढलेले दिसले. एकट्या मेटफॉर्मिनने असा धोका फारसा नसतो. म्हणून रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी अम्मी-अब्बूंना डॉक्टरांकडे न्या, गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. कुठली गोळी, किती आणि कधी, हे तेच बदलतील. मनाने काही बंद करू नका.

शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा तिथेच सोडायचा. आजारी माणसाला कुरआनने सवलत दिली आहे, ती नाकारून कुणी जास्त दीनदार होत नाही, असं माझं मत आहे. बोट टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमाही सांगतात.

मागच्या टेबलावर ग्लुकोमीटर आणि मोजपट्टी ठेवली आहे. घरात कुणाला शुगर असेल त्यांनी चहाच्या आधी तिथे या. खालाजानची भाची म्हणून पहिलं बोट मी टोचून घेते.