शंभर टॅग, एकच गलका

आजचा एपिसोड माझ्याच एका चुकीवर आहे. हेडफोन लावा आणि हसायचं ते हसून घ्या.

कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार एमआयडीसीतल्या एका कपड्यांच्या युनिटसाठी मी सॉफ्टवेअर लिहीत होते. प्रत्येक टी-शर्टला आरएफआयडी टॅग, एका बॉक्समध्ये शंभर नग. बॉक्स पट्ट्यावरून रीडरच्या कमानीखालून गेला की स्क्रीनवर आकडा. ऑफिसात वीस टॅगवर टेस्ट केली, मस्त चालली. कागलला पहिल्याच दिवशी आकडा आला ९१.

सुपरवायझरनं पॅकिंगच्या मावशींना बोलावलं. नऊ नग कुठं गेले? मावशी म्हणाल्या, "मोजूनच भरल्यात. मी काय आजच मोजाय लागलोय व्हय?" बॉक्स उघडला, तर शंभर. परत फिरवला, ८७. तिसऱ्यांदा ९४. तरी त्यांची हजेरी कापायची भाषा चालूच. मशीन कशाला खोटं बोलेल, असं सगळ्यांना वाटत होतं. खरं सांगू? मलाही.

आता झालं काय ते बघा. कागलहून निपाणीकडे जाताना कोगनोळीचा टोलनाका लागतो. तिथला फास्टॅगही याच जातीचा, ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा. पण तिथं लेनमध्ये रीडरसमोर एका वेळी एकच गाडी. आमच्या बॉक्समध्ये शंभर टॅग एकदम. टॅगमध्ये बॅटरी नसते, रीडरच्या लहरींवरच तो जागा होतो आणि उत्तर देतो. शेजारचा टॅग बोलतोय हे त्याला ऐकूच येत नाही. वर्गातली सगळी पोरं एकदम "हजर" ओरडली तर सर काय लिहिणार?

म्हणून रीडर चिठ्ठ्या काढायला लावतो. प्रत्येक टॅग मनाशी एक आकडा धरतो, रीडर एकेक कप्पा पुकारतो, ज्याचा नंबर तोच बोलतो. कप्प्यात एकटा असला तर वाचला. दोघं असले तर टक्कर, पुढच्या फेरीत या.

ही युक्ती जुनी आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या चमूनं बेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओनं जोडले, ते अलोहानेट. वेळेचे कप्पे पुढच्या वर्षी लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी सुचवले. गर्दी असेल तर सगळं जुळून आलं तरी साधारण ३७ टक्केच कप्पे कामी येतात.

किती कप्पे ठेवायचे, ते क्यू नावाचा आकडा ठरवतो. कप्पे म्हणजे दोनाचा क्यू-वा घात. मी क्यू चारवर ठोकून बसवला होता, म्हणजे १६ कप्पे. वीस टॅगना ते पुरतं. शंभर टॅग १६ कप्प्यांत कोंबले की पहिल्या फेरीत एकही धड वाचला जात नाही. हळूहळू वाचले जातात, पण तोवर बॉक्स कमानीतून निघून जातो. क्यू सात केला तर १२८ कप्पे. गणितानं पहिल्याच फेरीत सरासरी ४६ टॅग वाचले जातात, ५८ कप्पे रिकामे जातात, २४ मध्ये टक्कर.

मी मात्र आधी रीडरची पॉवर वाढवली. आकडा आला १०६! शेजारच्या पॅलेटचे टॅगही बोलायला लागले. मग पॉवर खाली आणली आणि क्यू हलता ठेवला. टक्कर जास्त तर वाढव, रिकामे कप्पे जास्त तर कमी कर. वाचलेल्या टॅगनं थोडा वेळ गप्प बसावं, अशी सोय स्टँडर्डमध्येच असते, तीही चालू केली.

त्यानंतर तोच बॉक्स वीस वेळा फिरवला. एकोणीस वेळा शंभर, एकदा ९९. म्हणून आता आकडा कमी आला की स्क्रीनवर "कमी" येत नाही, "पुन्हा फिरवा" येतं. हजेरी कापली गेली नाही. मावशी अजून हातानंच मोजतात आणि बॉक्सवर पेनानं आकडा टाकतात. मीही आधी तोच बघते.