बुद्धीचा धंदा आणि आपले जिल्हे



१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील माळरानावर कारखाना काढला. लोखंड बाहेरून आणावे लागे. तरी किर्लोस्करवाडी उभी राहिली. आजच्या संगणकसेवेला तर लोखंडही लागत नाही. मग ती माळरानावर का जात नाही?

पुण्यात १८५४ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण आहे. १९८८ साली येथेच 'सी-डॅक' निघाली, १९९१ साली 'परम' महासंगणक झाला. हिंजवडीच्या शेतांत कचेऱ्या उठल्या त्या या पुंजीवर. या धंद्याचा कच्चा माल म्हणजे जाणती माणसे; आणि जाणता जाणत्याचा शेजार शोधतो.

म्हणून सांगलीचा मुलगा सांगलीत शिकतो आणि पुण्यात कमावतो. पेरणी एकाची, सुगी दुसऱ्याची! नुसती जमीन स्वस्त देऊन हे थांबणार नाही. साखर कारखाने, दूधसंघ, द्राक्षबागाईतदार यांनी आपली हिशेबाची, तपासणीची, आराखड्याची कामे आपल्याच मुलांना द्यावीत. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकऱ्याने घेतला, म्हणून ती वाडी वाढली. धंद्याला जागेआधी गिऱ्हाईक लागते, आणि ते गिऱ्हाईक आपणच आहोत.