पाल्याचें पाणी
(नभोवाणीवरील भाषण)



जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशींत, भातशेती करणारीं गांवें आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस तेथें राब भाजण्याची जुनी चाल आहे. झाडांचे टहाळ, पालापाचोळा, गवत व शेण जमिनीवर पसरून जाळावयाचें आणि पाऊस पडतांच त्या जागीं भाताचें बीं पेरावयाचें. या भाजणीनें तणाचें बीं मरतें व राखेंतून पालाश हातीं लागतें, हें खरें. परंतु पाल्यांतील नत्राचा बहुतेक भाग धुराबरोबर निघून जातो. ज्या नत्रासाठीं आपण युरियाच्या गोण्या आणतों, त्याचीच ही उधळपट्टी होय!

हाच पाला पाण्यांत कुजविला तर? शाळेंतून निवृत्त झाल्यावर घोडेगांवच्या माझ्या परसांत मीं हा प्रयोग केला. बांधावरचें गिरिपुष्प हें द्विदल वर्गांतील झाड. त्याच्या पाल्यांत नत्र भरपूर असतें. पावसाळ्यांत टाकळा फुकट मिळतो. मात्र बीं धरण्यापूर्वींच तो कापावा. दोन किलो पाला बारीक चिरून प्लॅस्टिकच्या बादलींत पंधरा लिटर पाण्यांत बुडवावा. बादली सांवलींत ठेवून तिच्या तोंडाला फडकें घट्ट बांधावें, नाहीं तर डांस अंडीं घालतात. रोज एकदां काठीनें ढवळावें. दहा-पंधरा दिवसांत पाणी काळपट होतें. वास मात्र असा सुटतो कीं, बादली शेजाऱ्याच्या खिडकीखालीं ठेवूं नये!

पहिल्याच वर्षीं माझ्या हातून चूक झाली. जास्त दिलें तर जास्त वाढेल, अशा समजुतीनें मीं तें पाणी तसेंच वांग्याच्या रोपांना घातलें. तिसऱ्या दिवशीं पानांच्या कडा करपल्या आणि निम्मीं रोपें गेलीं. माझा एक जुना विद्यार्थी, आतां चांगला बागाईतदार, तें पाहून म्हणाला, "गुरुजी, औषध पळीनें देतात, घागरीनें नव्हे." जन्मभर मुलांना प्रमाण शिकविलें, तें परसांत विसरलों!

तेव्हां प्रमाण ध्यानांत ठेवावें. गाळलेल्या एक तांब्या अर्कांत दहा तांबे साधें पाणी मिसळावें. रंग फिक्या चहासारखा दिसला पाहिजे. जमीन ओली असतांना, सायंकाळीं, मुळाशीं घालावें. पंधरवड्यांतून एकदां पुरे. मेथी-कोथिंबिरीच्या पानांवर शिंपडूं नये. वांगीं, टोमॅटो फुलावर आले कीं हात आंखडता घ्यावा. नत्र फार झालें तर झाड पाल्यानें माजतें आणि फळ कमी धरतें. उरलेला चोथा खताच्या खड्ड्यांत टाकावा.

आणखी एक गोष्ट. हें पाणी म्हणजे जेवण नव्हे, पेज आहे. पेजेनें अशक्ताला हुशारी येते, पण तिच्यावर संसार चालत नाहीं. जमिनीचें खरें जेवण म्हणजे शेणखत व कुजलेला पाचोळा. त्यानेंच माती भुसभुशीत राहते व ओल धरते.

राब आजच बंद करा, असें मी म्हणणार नाहीं. ज्याचें वर्षाचें पोट त्या रोपावर अवलंबून आहे, त्याला परसांतल्या माणसानें उपदेश करूं नये. माझें मागणें लहान आहे. यंदा आगींत जाणाऱ्या पाल्यांतून एक टोपली बाजूला काढा, बादलींत भिजवा आणि दारच्या चार वेलांना घालून पाहा. पुढचें तुमचे वेलच तुम्हांला सांगतील.